मेजाबाहेरचं वर्ष

नागपुरात जरीपटक्याच्या बाजारामागे, कापडाच्या दुकानांची रांग संपते तिथून आत वळलं की एक लहानशी बाप्टिस्ट मंडळी लागते. इमारत साधीच. वर पत्रे, दारात कडुनिंब, आणि आत सगळ्यांच्या समोर एक लाकडी मेज. महिन्याच्या पहिल्या रविवारी याच मेजावरून प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस वाटला जातो. मेजामागे फरशी उचलली की बाप्तिस्म्याचा हौद. या मंडळीचं वर्ष प्रेमिला खंडारे चालवते, असं लोक म्हणायचे, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

जानेवारीच्या सभेत वर्षाची आखणी व्हायची. पास्टर तारखा सांगायचे, डीकन, म्हणजे मंडळीनं निवडलेले सेवक, माना हलवायचे आणि मग सगळ्यांचे डोळे प्रेमिलाकडे वळायचे. ईस्टरआधीच्या उपवासकाळात कोणाकोणाच्या घरी प्रार्थना ठेवायच्या, ईस्टरच्या पहाटे म्हाताऱ्यांना कब्रस्तानापर्यंत कोण आणणार, मुलांची उन्हाळी बायबल शाळा ऊन तापायच्या आत कशी आटपायची, पावसात पत्रे वाजायला लागले की बायकांची बैठक कोणाकडे घ्यायची. नोव्हेंबरात हंगामाचा सण यायचा. आजूबाजूच्या खेड्यांतले ख्रिस्ती लोक तुरीच्या शेंगा, कापसाची बोंडं, कोहळी, संत्र्यांच्या पाट्या घेऊन यायचे, मेजासमोर ढीग लावायचे, उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव व्हायचा. त्याचा शीण उतरतो न उतरतो तोच नाताळ. या सगळ्यात प्रेमिलाचा हात असायचा. रामदासपेठेतल्या एका खाजगी दवाखान्यात ती नर्स होती. मैत्रिणी दिवाळीसाठी ड्यूट्या बदलून घेत, ही हंगामाच्या सणासाठी घ्यायची.

तिचं हे वेड उगाच नव्हतं. ती काटोलकडच्या एका खेड्यातली. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, आणि त्यांना विहिरीवरही वेगळं उभं राहावं लागे. नर्सिंगला नागपूरला आली तेव्हा हॉस्टेलच्या खोलीत आठवडाभर कोणाशी धड बोलली नव्हती. रविवारी विचारत विचारत या मंडळीत आली. उपासना झाल्यावर शोभाताई नावाच्या एका बाईनं हात धरला आणि विचारलं, "जेवली का वं तू?" त्या दिवशी ती शोभाताईच्या घरी जेवली, आणि त्यानंतर मंडळी हेच तिचं माहेर झालं. लग्नही तिथंच जुळलं.

नवरा मुकुंद रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून. शांत, थोडा दबलेला माणूस. ऑफिसात साहेब बोलला की खाली मान घालायचा आणि घरी येऊन तेच बोलणं मनात घोळवत बसायचा. मंडळीनं त्याला डीकन निवडलं त्या हिवाळ्यात त्यानं आयुष्यातला पहिला कोट शिवला. प्रभुभोजनाच्या रविवारी तो कोट घालून, भाकरीचं ताट दोन्ही हातांनी धरून तो रांगेरांगेतून फिरायचा, तेव्हा त्याची चालच वेगळी व्हायची. प्रेमिलाला ते बघायला फार आवडायचं. जगात एक तरी जागा आहे जिथं आपल्या नवऱ्याला कोणी 'ए खंडारे' म्हणत नाही, याचं तिला बरं वाटायचं.

दोघांना एकच मुलगी, पायल. शिकली, विमा कंपनीत नोकरीला लागली. आणि एका जानेवारीत, वर्षाची आखणी होऊन दोनच दिवस झाले होते, तिनं सकाळी चहाच्या वेळी सांगितलं.

"मम्मी, पप्पा, मले लग्न करायचं आहे. रोशनशी. ऑफिसातला आहे. इंदोऱ्यात घर आहे त्याचं."

मुकुंदनं आधी एवढंच विचारलं, "कोणत्या मंडळीचा?"

"बौद्ध आहे तो, पप्पा."

मुकुंदनं कप खाली ठेवला. "मंग नाही."

"काहून नाही?"

"काहून म्हणून काय विचारतं? मी डीकन आहे मंडळीचा."

प्रेमिलाही लगेच काही मुलीच्या बाजूनं झाली नाही. तिनं पायलला समजावलं, रडली, दोन दिवस अबोला धरला. मग म्हणाली, पोराला घेऊन ये, मी विचारते. रोशन आला तो एकटाच. मुकुंद मुद्दाम बाहेर निघून गेला होता. प्रेमिलानं सरळच विचारलं, "बाप्तिस्मा घेशील का, बेटा?"

 रोशन म्हणाला, "नाही, मावशी. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. त्याच्या आधी आम्हाले लोक काय समजत होते हे तुम्हाले सांगायची गरज नाही. ते मी सोडू शकत नाही. पण पायलले तिचं सोडायलेही मी कधी सांगणार नाही. चर्चले जायचं असंल तं मीच गाडीवर सोडून देईन."

तो हो म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं प्रेमिलाला त्या क्षणी वाटलं. पण तो निघून गेल्यावर तिच्या मनात आलं, पोरीसाठी खोटं बोलणारी मुलं तिनं मंडळीतच पाहिली होती. लग्नापुरता हौदात उतरायचं आणि पुन्हा कधी दारात पाय ठेवायचा नाही. हा निदान खोटं बोलला नाही.

उपवासकाळ सुरू झाला. घरोघरच्या प्रार्थना ठरल्याप्रमाणे पार पडत होत्या आणि प्रेमिलाच्या घरात नवरा मुलीशी बोलत नव्हता. ईस्टरच्या पहाटेची सगळी तयारी तिनंच केली. कब्रस्तानात सतरंज्या टाकल्या, चहा नेला, म्हाताऱ्या माणसांना रिक्षातून उतरवून घेतलं. सूर्य वर येत होता आणि सगळे उभं राहून गात होते, तेव्हा पायल दूर, मागच्या भिंतीशी एकटी उभी होती. तिच्याजवळ कोणी गेलं नाही. बातमी पोचली होती.

लग्न मे महिन्यात ठरलं. पास्टर घरी आले. बंगळुरात शिकून आलेले, मृदू बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "मुलीला तुम्ही थांबवू शकला नाही, ते मंडळी समजून घेईल. पण तुम्ही दोघं तिथं हजर राहिलात तर ती संमती होईल. मी हात जोडून सांगतो, जाऊ नका."

मुकुंदनं लगेच मान हलवली. प्रेमिला गप्प बसली, आणि पास्टरांनी त्या गप्पपणाचा अर्थ होकार असा घेतला.

लग्नाच्या दिवशी उन्हाचा नुसता भडका उडाला होता. मुकुंद सकाळपासून आतल्या खोलीत कूलरसमोर पडून होता. प्रेमिलानं ठेवणीतली पांढरी, जरीच्या काठाची साडी नेसली. नाताळला नेसायची तीच.

"जाऊन राहिली का?" त्यानं पडल्यापडल्या विचारलं.

"पोरगी आहे माही. चला तुम्हीबी."

तो भिंतीकडे तोंड करून वळला. ती एकटीच ऑटोत बसली.

विहारात फार गर्दी होती. रोशनची आई माया प्रेमिलाला शोधत दारापर्यंत आली आणि हात धरून पुढच्या रांगेत घेऊन गेली. समोर बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, दोन्हीला ताजे हार. सगळे उभे राहिले, हात जोडून बुद्धवंदना म्हणू लागले. प्रेमिलाला ते शब्द येत नव्हते. पण समोर पांढऱ्या साडीत मुलगी उभी होती, आणि अशा वेळी आईचे हात जोडले जातात तसे तिचेही गेले. ती मनात तिच्याच देवाशी बोलत होती. पण फोटोत मन येत नाही. कोणाच्या तरी पाहुण्यानं काढलेला तो फोटो फिरत फिरत दुसऱ्या दिवशी मंडळीच्या ग्रुपवर आला. मूर्तीसमोर हात जोडलेल्या प्रेमिलाबाई खंडारे.

पुढच्या आठवड्यात उन्हाळी बायबल शाळा सुरू व्हायची होती. प्रेमिला सकाळी किल्ली घेऊन गेली तर दार उघडंच होतं. आत दुसरीच बाई मुलांना रांगेत बसवत होती. ती म्हणाली, "पास्टर साहेबांनी सांगितलं, या वर्षी तुम्ही आराम करा म्हणून."

जूनमध्ये सभासदांची सभा भरली. बाप्टिस्ट मंडळीत बिशप नसतो, वरून हुकूम येत नाही. कोणाला सभासद करायचं आणि कोणाला शिस्त लावायची, हे सभासदच हात वर करून ठरवतात. पहिल्यापासून प्रेमिलाला या गोष्टीचा अभिमान होता. आपल्यात सगळे सारखे, ती नर्सिंगच्या मैत्रिणींना सांगायची.

सभेच्या आधी पास्टर मुकुंदशी काय बोलले हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. सभा सुरू झाली. पास्टरांनी कोणाचंही मन दुखणार नाही अशा आवाजात ठराव वाचला. बहीण प्रेमिला खंडारे यांनी मूर्तीसमोर हात जोडले, मंडळीनं दिलेला सल्ला मोडला. म्हणून त्या जाहीर पश्चात्ताप करीपर्यंत त्यांना प्रभूच्या मेजापासून दूर ठेवावं आणि कोणतीही सेवा देऊ नये.

"बहिणीला काही सांगायचं आहे का?"

प्रेमिला उभी राहिली. "मी पोरीच्या लग्नाले गेली होती," ती म्हणाली. "कोणाची पूजा कराले नाही गेली. माह्या मनात काय होतं ते देवाले माहीत आहे." आणखी बोलायचं होतं, तरी ती खाली बसली.

"ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत."

थोडा वेळ कोणीच हात वर केला नाही. लोक एकमेकांकडे बघत होते. डीकन पुढच्या बाकावर, मंडळीकडे तोंड करून बसायचे. त्यांतला मुकुंदचा हात वर गेला. सगळ्यांत आधी. नवऱ्यानंच केला म्हटल्यावर बाकीच्यांना काय. एकेक करत हात वर गेले. शोभाताईंचा हात अर्धाच, खांद्यापर्यंत वर आला, पण आला.

घरी येताना दोघं नेहमीसारखे बरोबर चालले. भाजीवाल्या बाईनं हाक मारली, मुकुंदनं पालक घेतला. घरात आल्यावर प्रेमिला खुर्चीवर बसली आणि तिनं विचारलं, "काहून?"

मुकुंद पालकाची जुडी सोडत उभाच राहिला.

"मी विचारून राहिली. शोभाताईचं समजू शकते, बाकीच्यांचं समजू शकते. तुम्ही काहून?"

"डीकनाचं घर त्याच्या ताब्यात पाहिजे, असा नियम आहे. पास्टरनं सांगितलं, बायकोच्या बाजूनं बोलशील तं डीकनपद सोडावं लागंल. गप्प बसशील तरी लोक विचारतीन."

"मंग सोडायचं होतं."

"सोडायचं होतं!" त्याचा आवाज एकदम चढला. इतका चढलेला तिनं कधी ऐकला नव्हता. "तुह्याजवळ सगळंच आहे वं. नाताळ तुहा, ईस्टर तुहा, सारे तुलेच विचारतात. माह्याजवळ काय आहे? एक कोट आहे!"

  प्रेमिलानं उठून पालक घेतला, निवडला, आणि स्वयंपाक केला. दोघं जेवले.

शिस्तीखालच्या सभासदानं उपासनेला यायचं असतं, मागं बसायचं असतं. प्रेमिला जात राहिली. पावसाळ्यात, पत्र्यांवर पाऊस वाजत असताना पहिल्या रविवारी ताट फिरायचं. मुकुंद तिच्या रांगेपर्यंत यायचा, अलीकडच्या माणसापुढे ताट धरायचा, मग हात तिच्यावरून पलीकडे न्यायचा. त्याच्या बाहीचं टोक कधी तिच्या खांद्याला लागायचं. तो तिच्याकडे बघायचा नाही. पहिल्या वेळी तिला वाटलं, आपण इथंच मरून पडू. पुढं तिला त्याचीही सवय झाली, आणि सवय झाली याचाच जास्त राग आला.

ऑक्टोबर संपता संपता शोभाताई घरी आल्या. आता पुष्कळ म्हाताऱ्या झाल्या होत्या, दारातच धापा टाकत बसल्या.

"प्रेमिला, हंगामाच्या सणाचं काही जमून नाही राहिलं वं. खेड्यावरच्या लोकांची कुठं सोय करायची कोणाले समजत नाही. स्वयंपाकाचं तं विचारूच नको. तू थोडी येशील का?"

"मले सेवा द्यायची नाही असं ठरलं आहे, ताई. तुम्हीच हात वर केला."

शोभाताईंनी डोळे पुसले. "सगळ्यांनीच केला. मी एकटी म्हातारी काय करू? आन पास्टरले मी विचारलं. ते म्हणे, समोर नाही यायचं, मांगं स्वयंपाकात मदत केली तं चालते."

म्हणजे मेजाजवळ चालत नाही, चुलीजवळ चालते. प्रेमिलाला हे तिथल्या तिथं बोलायचं होतं. पण समोर धापा टाकणारी तीच बाई होती, जिनं तिला एके काळी 'जेवली का वं तू' विचारलं होतं. तिनं हो म्हटलं, आणि ते हो तिला नंतर बरेच दिवस बोचत राहिलं.

सणाच्या दिवशी मंडळीच्या मागच्या पडवीत मोठ्या गंजपातेल्यांखाली जाळ लावून तिनं वांग्याची भाजी आणि भात रांधला. आत गाणी चालू होती, खेड्यावरची ओळखीची माणसं मधूनच मागं येऊन विचारत होती, "बाई, तुम्ही इकडं कशा?" ती म्हणायची, "या वर्षी इकडं." उपासनेच्या शेवटी पास्टरांनी आभार मानले. लिलाव बोलणाऱ्याचे, मंडप घालणाऱ्याचे, खेड्यांचे आणि 'आमच्या महिला मंडळाचे'. मुकुंद पुढच्या बाकावर कोटात बसला होता. भाजी चांगली झाली आहे, असं त्यानं जेवताना शेजारच्याला सांगितलेलं तिनं ऐकलं.

नाताळातही तेच. करंज्या तिच्या घरी तळल्या गेल्या आणि दुसऱ्यांच्या हातानं वाटल्या गेल्या. नाताळच्या दुपारी पायल आणि रोशन तिला भेटायला आले. मुकुंद खोलीत गेला आणि दार लावून बसला. पायलनं दाराबाहेरून हाक मारली, "पप्पा, मेरी ख्रिसमस." आतून खोकल्याचा आवाज आला. पायलला दिवस गेले होते. ते सांगायलाच ती आली होती. तिनं दाराला ते सांगितलं नाही.

मार्चमध्ये पास्टर पुन्हा घरी आले. या वेळी हसतमुख होते.

"प्रेमिलाताई, ईस्टर जवळ आला. मंडळीला तुमची गरज आहे. सभेत उभं राहून एक वाक्य म्हणा. माझी चूक झाली, मला पश्चात्ताप आहे. लगेच हात वर करून तुम्हाला परत घेऊ. ईस्टरची सगळी आखणी तुमच्याकडे."

"कोणती चूक, पास्टर साहेब?"

"मूर्तीसमोर हात जोडले ती."

"पोरगी समोर उभी होती. मूर्ती तिच्या मांगं होती."

पास्टर हसले. "वाक्य छोटंच आहे, ताई. मनात काय आहे ते मी विचारत नाही."

 वर्षभर तिला वाटत होतं की या लोकांना खरंच तिच्या आत्म्याची काळजी आहे. चुकत असतील, पण काळजी आहे. आता कळलं, त्यांना नुसतं वाक्य हवं होतं. आणि पहाटेचा चहा, सतरंज्या, रिक्षा.

मुकुंद पास्टरांना सोडून आत आला. "म्हणून टाक ना," तो म्हणाला. "म्हणायले काय लागते? सारं पहिल्यासारखं होऊन जाईल."

"पायलच्या लेकराले काय सांगू? तुह्या आईच्या लग्नाले गेली ही माही चूक होती म्हणून?"

"त्याले कोण सांगायले जाते?"

"तुम्हाले नसंल सांगायचं. तुम्ही त्याले पाहणारबी नाही."

सभेच्या दिवशी मंडळी भरली होती. लोक तिच्याकडे बघून हसत होते, शोभाताईंनी तर बाकावर शेजारी जागा करून ठेवली होती. पास्टरांनी नाव घेतलं. प्रेमिला उभी राहिली. 

"मले तुम्ही परत घेऊन राहिले त्याच्यासाठी आभारी आहे," ती म्हणाली. "पण मले पश्चात्ताप झालेला नाही. खोटं बोलून मी प्रभूच्या मेजाले हात लावणार नाही. पोरीचं लग्न उद्या पुन्हा असलं तं मी उद्या पुन्हा जाईन. माहं नाव सभासदांतून काढून टाका."

 ती पिशवी उचलून बाहेर निघाली. मुकुंद उठेल असं तिला दारापर्यंत वाटत होतं. तो उठला नाही. कडुनिंबाखाली चपला घालताना आतून पास्टरांचा आवाज आला, पुढचा विषय घेऊ या.

ईस्टरच्या पहाटे ती जागी होती. कब्रस्तान घरापासून फार लांब नाही. तिनं स्वतःला बजावलं होतं की जायचं नाही, तरी ती गच्चीवर गेली. खरं सांगायचं तर तिला वाटत होतं, या वर्षी काहीतरी बिघडेल. म्हातारी माणसं पोचणार नाहीत, चहा राहील, गाणं मागंपुढं होईल, आणि मग कोणाला तरी तिची आठवण येईल. गाणं ऐकू आलं. वेळेवर सुरू झालं होतं, सुरात होतं. सायंकाळी शोभाताईंची सून भेटली, म्हणाली, "मस्त झालं, मावशी. पोरांनी चहाचा कॉन्ट्रॅक्टच देऊन टाकला." प्रेमिलावाचून काहीच अडलं नव्हतं. इतकी वर्षं आपण कोणता डोंगर उचलून धरला होता, या विचारानं तिला हसू आलं आणि मग ती बराच वेळ रडली.

जुलैत पायलला मुलगी झाली. नाव मिनल. पायल आणि रोशन तोवर हुडकेश्वरला भाड्याच्या घरात राहायला गेले होते. प्रेमिला रविवारी सकाळी निघायची. घराजवळच्या इंदोरा स्टेशनवरून मेट्रोनं सीताबर्डी, तिथून बस. माया तिला प्रेमानं वागवायची, पण बाकीच्या नात्यातल्या बायका आल्या की 'जय भीम' म्हणायच्या आणि प्रेमिलाला उलट काय म्हणावं हे कळायचं नाही. नामकरणाच्या दिवशी एक म्हातारी शेजारी बसली आणि विचारू लागली, "तुम्ही दीक्षा घेतली का, बाई?" प्रेमिला म्हणाली, "नाही." "मंग चर्चमध्येच जाता?" "नाही," ती म्हणाली. म्हातारीनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू ही बाई आकाशातून पडली. पुन्हा ती एका पंगतीत पाहुणीसारखी जेवली.

पुढच्या जानेवारीच्या सभेत डीकनांची नव्यानं निवड झाली. मुकुंद कोट घालून गेला आणि लवकर परत आला. त्याचं नाव कोणी सुचवलंच नव्हतं. पास्टर म्हणाले होते, भाऊ, तुम्ही खूप वर्षं सेवा केली. पण बायको मंडळीबाहेर, मुलगी मंडळीबाहेर, नव्या लोकांना काय उदाहरण राहील? त्यानं हे सांगितलं आणि कोट खुर्चीवर टाकून दिला. प्रेमिलानं तो उचलला नाही. तो तसाच तिथं आठवडाभर पडून होता.

मग एका रविवारी ती निघाली तेव्हा तो म्हणाला, "मीबी येऊ का?"

ती म्हणाली, "या."

वाटेत सीताबर्डीला उतरून त्यानं संत्रा बर्फीचा डबा घेतला. बसमध्ये तो डबा मांडीवर धरून बसला होता, दोन्ही हातांनी. हुडकेश्वरच्या घराचं दार पायलनं उघडलं. तिनं बापाकडे पाहिलं. रागावली नाही, रडली नाही.

"या पप्पा," ती म्हणाली. "बसा. पाणी आणते."

रोशननं पंखा लावला, डबा हातातून घेतला, "काका, घर सापडलं ना बरोबर?" म्हणाला. पायलनं मिनलला आणून आजोबांच्या मांडीवर ठेवलं. मिनल त्याला ओळखत नव्हती. तिनं ओठ काढले आणि भोकाड पसरलं. मुकुंद तिला हलवू लागला, एक जुनं उपासनेचं गाणं बारीक आवाजात गुणगुणू लागला. पायल लहान असताना हेच गाणं म्हणत तो तिला झोपवायचा. मिनल आणखी जोरात रडली. पायल आली आणि तिनं लेकराला हळूच काढून घेतलं.

"नवीन माणूस पाहिला की रडते ती," ती म्हणाली. "पप्पा, चहा साखरेचा का बिनसाखरेचा? मले माहीत नाही आता."

मुकुंदनं काहीतरी उत्तर दिलं. त्याची मान खाली गेली, ऑफिसात जायची तशीच. प्रेमिला समोरच बसली होती. तिला वाटलं होतं, हा दिवस येईल तेव्हा आपल्याला याची दया येईल. तिनं थोडी वाट पाहिली. दया आली नाही. आयुष्यभर ज्या माणसाचा दबलेपणा तिनं सांभाळून घेतला, त्याच्याकडे ती एखाद्या वॉर्डातल्या पेशंटकडे पाहावं तशी पाहत होती, आणि आपण अशा झालो याचं तिला फार वाईट वाटलं. पण त्यावर तिच्याजवळ काही इलाज नव्हता.

परतीच्या बसला गर्दी नव्हती. तो खिडकीशी बसला, ती शेजारी. मानेवाडा मागं पडलं.

"पुढच्या रविवारीबी येऊन जाऊ का आपण?" त्यानं विचारलं.

"मी तं येतेच," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही पाहा."

 कंडक्टर आला, तिनं स्वतःच्या तिकिटाचे पैसे काढले, मग क्षणभर थांबून त्याच्याही तिकिटाचे दिले.